नानांच्या शनीला लागणारा अंधार

८ नोव्हेंबर, रविवार
माझ्या हातची कामं, झाली त्या क्रमाने: आठ इंची आरसा, काचेवर काच घासून, चौदा महिने. दुर्बिणीची नळी. नळी ठेवायचा लाकडी पाळणा. लाल कागद लावलेली टॉर्च. आरशावर दव धरू नये म्हणून मागे हीटर, माझ्या मोटर-रिवाइंडिंगच्या दुकानातल्या जुन्या मोटरच्या तारेचा. आणि आज पुरी झालेली तीन पायऱ्यांची शिडी, नानांसाठी, कठड्यासकट. यातलं काहीही बाजारातून आणलेलं नाही. डोळ्याकडचं भिंग आणलंय, पण ते सगळेच आणतात. आरशाचा मुलामाही बाहेरून. तो घरी होतच नाही.

दुर्बीण तयार होऊन पाच वर्षं झाली. आकाशाला अजून लावलेली नाही. पहिलं दर्शन योग्य आकाशातच घ्यायचं, हा माझा नियम.

नाना म्हणजे माझे सासरे. काचबिंदू. डावा डोळा गेला, उजव्यात मधोमध तेवढी नजर उरलीय. १ डिसेंबरला ऑपरेशन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही केलं तर नजर जाणारच, केलं तर टिकेल कदाचित, खात्री मागू नका. यावर नाना मला म्हणाले, जावईबापू, तुमच्या त्या पिंपातून शनीची कडी दिसतात म्हणे, तेवढी आधी दाखवून टाका.

संकल्प: तीन आठवड्यांत शहराभोवतीची सर्वात अंधारी जागा शोधून काढणे. सहज जमेल.

१० नोव्हेंबर
जागेच्या अटी ठरवल्या. क्षितिज मोकळं, जमीन सपाट, धूळ नाही, दिवा एकही नाही. हिचं म्हणणं, वर गच्ची आहे की. समोरच्या जिन्यातल्या ट्यूबा आणि टॉवरचा लाल दिवा दाखवला. म्हणाली, शनीला ट्यूबलाइट चावते का?

शनी शहरातूनही दिसतो, हे मला कोणी शिकवायला नको. पण काळ्याभोर आकाशातला शनी ही वेगळीच चीज. पाच वर्षं आरसा झाकून ठेवला तो काय जिन्यातल्या ट्यूबा बघायला?

१४ नोव्हेंबर
तलाव. रात्रीच्या उजेडाच्या नकाशात काळा ठिपका. प्रत्यक्षात बांधावर रांगेने दिवे, नवे, पांढरे. वर पाण्याची वाफ. रद्द.

१५ नोव्हेंबर, रविवार
दगडाची खाण. अंधार चांगला. कडेला उभ्या गाडीतल्या जोडप्याने मला पोलीस समजून माफी मागितली, घरी सांगू नका म्हणाले. मी म्हटलं, ते ठीक आहे, आधी आतला दिवा बंद करा. त्यांनी ताबडतोब केला. माझ्या आवाजात जरब आहे. परतताना गाडीच्या काचेवर बोट फिरवून पाहिलं. दगडाचं पीठ. ही धूळ आरशावर? रद्द.

१८ नोव्हेंबर
दुकानात गिऱ्हाईक चिडलेलं. पंपाची मोटर पंधरा दिवस उघडी पडलीय. म्हणाला, मालक, तुम्ही हल्ली वरच बघता, जरा खालीही बघा. मी नीट समजावलं की कामाचा दर्जा घाईत राखता येत नाही. मोटर उचलून घेऊन गेला. पाय दुखतात. झोप पुरत नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार
सापडली!

बंद सूतगिरणीच्या मागचा माळ. सव्वीस किलोमीटर. चंद्र होता, तरी मी गिरणीच्या भिंतीच्या सावलीत उभा राहिलो आणि स्वतःचा हात दिसेना. चारही दिशांना एक दिवा नाही. माझ्या आयुष्यात इतका शुद्ध अंधार पाहिला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. वाराही होता.

माणूसही नाही विचारायला. विचारायचं काय म्हणा, दिसतंच होतं.

२२ नोव्हेंबर, रविवार
नाना तयार होऊन बसले होते. आज जाऊ म्हणाले. मी सांगितलं, चंद्र मोठा आहे, पुढच्या शनिवारी तो उशिरा उगवेल, तेव्हा संध्याकाळी काळंकुट्ट मिळेल. नाना म्हणाले, मला चंद्र चालेल. नानांना चालेल, मला चालणार नाही. आकाश स्वच्छ होतं.

स्वयंपाकघरातून ही म्हणाली, डोळा त्यांचा आहे ना? उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता.

२५ नोव्हेंबर
नाना दाराच्या चौकटीला धडकले. विचारलं तर म्हणाले, हल्ली नळीतून बघतोय असं वाटतं, म्हणजे दुर्बीण मी आधीच लावून फिरतोय, तुमची राहू दे. हसलो. ही हसली नाही.

२८ नोव्हेंबर, शनिवार, रात्री
मोहीम. मागच्या सीटवर नळी, टपावर शिडी, पायाशी घडीची खुर्ची. पुढे नाना, इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. वाटेत विचारत होते, शनी कुणीकडे, किती वर, माझी मान दुखेल का. सगळ्याची तयारी आहे, म्हटलं.

माळावर पोचलो. उजेडच उजेड. गिरणीच्या पलीकडे समारंभाचं लॉन आहे. खांबावर चार फ्लडलाइट, त्यांची तोंडं माळाकडे. लॉनवर आज कार्यक्रमही नव्हता. मी चौकीदाराला विचारलं, हे दिवे कधी बसवले? म्हणाला, चार वर्षं झाली, साहेब. मागच्या शनिवारी तेवढा ट्रान्सफॉर्मर जळाला होता, सगळा भाग अंधारात होता, तो स्वतःही गावात झोपायला गेला होता.

तीस वर्षं मी मोटरींची जळालेली वायंडिंग काढतो आणि नवी भरतो.

नाना गाडीत पोट धरून हसले. म्हणाले, अहो, दुरुस्तीला तुम्हालाच बोलावलं असतं की! मग म्हणाले, आलोच आहोत तर लावा इथेच, आडोशाला. शनी वर स्पष्ट होता, नुसत्या डोळ्यांनी. म्हणजे माझ्या.

दुर्बीण बाहेर काढली नाही. एका वाईट दर्शनाने सगळं नासलं असतं. परत आलो. वाटेत नाना झोपले असावेत.

२९ नोव्हेंबर
ढग. गच्चीवर नेणार होतो. तसा निर्णय सकाळीच घेतला होता.

३० नोव्हेंबर
ढग. दुपारी नानांना दवाखान्यात दाखल केलं. ही सोबत राहिली. मी शिडीच्या कठड्याला पॉलिशचा दुसरा हात मारला.

४ डिसेंबर
पट्टी सोडली. नानांना खिडकी कुठे आहे एवढं कळतं. माझ्याकडे तोंड करून म्हणाले, हे पांढरं दिसतंय ते दार आहे की डॉक्टरीणबाई? त्या बिचाऱ्या हसल्या आणि बाहेर गेल्या. यापुढे एवढंच, असं हिला व्हरांड्यात सांगून गेल्या.

मग नानांनी विचारलं, कडी खरंच असतात ना हो? मी पलंगावर बसून सगळं नीट सांगितलं. कड्यांची रुंदी, मधली काळी फट, कड्याची ग्रहावर पडणारी सावली. नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलीत? मी म्हटलं, फोटोत. त्यांनी माझा हात चाचपून शोधला आणि त्यावर थोपटलं.



५ डिसेंबर
नोंद पूर्ण असावी म्हणून. २८ तारखेला मी गाडी वळवत होतो तेव्हा चौकीदार खिडकीशी आला होता. म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला एवढं लांब आणलंत, मी मेन स्विच पाडतो, पंधरा मिनिटं कोणाला कळणार नाही. नानांनी पाकीट काढलंसुद्धा. मी काच वर केली. अंधार विकत घ्यायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही, असं सांगितलं.

पन्नास रुपये मागत होता.