कामसू भाची

आत्या गं,

परवा तुझ्याकडे सगळे जेवायला जमलो होतो, तेव्हा तू चारचौघांत म्हणालीस, "ही पूर्वी किती कामसू होती! आता पाहुणी झालीय, खुर्ची सोडत नाही." सगळे हसले, मीही हसले. पण तेव्हापासून मला कळेनासं झालंय, मी बरी होतेय की बिघडतेय?

अगं, मी कामसू कधीच नव्हते. माणसं जमली की माझ्या छातीत धडधडायचं, तोंडाला कोरड पडायची, म्हणून मी सिंककडे पळायचे. भांडी "सध्या काय करतेस?" असं विचारत नाहीत ना! घासलेली पातेलीसुद्धा मी पुन्हा घासायचे. तू येऊन पाठीवरून हात फिरवायचीस. माझ्या घरी मात्र भांड्यांना वास सुटलेला असायचा आणि मी अंथरुणात.

आता गोळ्या चालू आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वेळी नुसतं बसून या." म्हणून काकांशेजारी बसले. त्यांच्या गुडघ्याची अख्खी कहाणी ऐकली. घामाने निथळले, पण उठले नाही. केवढा पराक्रम, आणि तुला तो आळस वाटला!

हे पत्र पाठवलं तर तू लगेच फोन करशील, आणि फोन उचलणं मला अजून जमत नाही. म्हणून राहू दे.

फक्त एक गुंता सुटत नाही. पाठीवरचा तुझा हात हवा असेल, तर मला पुन्हा सिंकपाशीच जावं लागेल का गं?

तुझीच,
खुर्चीवरची