डावा हात

२ नोव्हेंबर
चौलला आले! रचनाताईनं स्वतःच्या घराजवळच सुपारीच्या वाडीत दोन खोल्या शोधून ठेवल्या होत्या. उंबरठा काढून उतार केलाय, माझी चाकांची खुर्ची थेट आत जाते. स्कूटरच्या अपघातात मणका मोडला, पाय लुळे पडले, त्याला बरीच वर्षं झाली. हात मात्र शाबूत आहेत. त्यांच्याच जोरावर इथं शिवणकाम करणार. हातमशीन खिडकीपाशी लावलं. शेजारच्या मनुबाई लगेच परकराचं कापड टाकून गेल्या. माझं पहिलं गिऱ्हाईक!

१९ नोव्हेंबर
शिंकलं की मानेतून डाव्या हातात वीज उतरते. अलिबागच्या डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले, खुर्ची ढकलून खांदा दुखतो. मी म्हटलं, खांदा नाही, मान. त्यांनी कागदावर खांदाच लिहिला.

४ डिसेंबर
दुपारी इस्त्री करताना खमंग वास आला. वाटलं, मनुबाई बोंबील भाजतायत. तेवढ्यात त्याच दारात येऊन किंचाळल्या, "अगो, हात जलतोय तुझा!"
इस्त्री माझ्या डाव्या पंजाला टेकली होती. कातडी सोलून निघाली. दुखलं नाही. मनुबाईंनी हात धरलेला कळला, जळलेलं कळलं नाही.

८ डिसेंबर
ताई म्हणते, लक्ष नसेल तुझं, एकटी बसून मनाला लावून घेतेस. पट्टी सोडून जखम दाखवली. तरी तेच! किती वेळा सांगायचं? बर्फ आणि चहाचा कप, दोन्ही या हाताला सारखेच. भांडून भांडून शेवटी तिला मुंबईला न्यायला लावलं.

१६ डिसेंबर
एमआरआय झाला. मणक्यातल्या नसांच्या दोरीत, आतून, पाणी भरलंय. जुन्या मोडलेल्या जागेपासून मानेपर्यंत लांबच लांब पोकळी. अपघातानंतर वर्षांनीही होतं म्हणे. ऑपरेशननं थांबेल कदाचित. गेलेलं परत येईलच असं नाही. तारीख जानेवारीतली. ताई रडली. मला नुसता संताप आला.

२५ डिसेंबर
सुई सुटते. उजव्याही हातातून. दवाखान्यात फोन — तारीख अलीकडे आणता येत नाही म्हणे. ते पाणी थांबलंय का तारखेसाठी?

३० डिसेंबर
पेन मुठीत धरून — सकाळी पाणी गिळताना नाकात आलं. मणक्यातलं ते पाणी मानेच्याही वर चढतंय. ताईनं गाडी बोलावलीय, आजच निघायचं. लिहू नकोस म्हणते. शेजारी बसून तिनं माझा डावा हात धरलाय. घट्ट. दिसतंय मला. पण ताई, मला काहीच —