सगळ्या सीड्या एका डब्यात

बाबा, तुमचा तो रेकॉर्डर अजून चालतो, आणि चालतो म्हणूनच माझी चिडचिड होते. बंद पडला असता तर भंगारात देऊन मोकळी झाले असते. आता दर रविवारी धायरीला येऊन, आईच्या टीव्हीसमोर बसून, तुम्ही घालून ठेवलेला घोळ निस्तरते आहे.

तुम्ही खडकीच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाला होतात. घरातल्या लग्नामुंजींच्या, बारशांच्या सगळ्या सीड्या त्या काळ्या डब्यात भरायचं तुम्ही त्या उन्हाळ्यात मनावर घेतलंत. प्लेअरपासून रेकॉर्डरपर्यंत पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी, आणि तासाभराची सीडी उतरायला पुरता तासभर. तेवढा वेळ टीव्ही तुमचा. आईची मालिका रोज बुडायची. मी माहेरी आले होते. पंखा लावायला उठले आणि वायरीत पाय अडकून पडले. पडद्यावर काळोख. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "कारखान्यात असा पाय घातला असतास, तर दारूगोळ्याबरोबर गेली असतीस." लागलं का, हे विचारायचं तुम्हाला सुचलं नाही. संध्याकाळी आईच्या हाती मलमाची ट्यूब मात्र पाठवलीत.

आता तुमचे पराक्रम ऐका. जागा पुरली पाहिजे म्हणून तुम्ही सगळं सगळ्यात हलक्या प्रतीत उतरवलंत. माणसांची तोंडं पाण्यात भिजलेल्या फोटोंसारखी दिसतात, आणि एवढं करून रेकॉर्डर निम्मासुद्धा भरलेला नाही! नावं तरी नीट द्यावीत? "कार्यक्रम एक", "कार्यक्रम दोन", असे ओळीनं नुसते कार्यक्रम. अहो, पण कोणाचा कार्यक्रम? मूळ सीड्या बघाव्यात म्हटलं, तर त्या तुम्ही दोऱ्यात ओवून गॅलरीत टांगल्यात, कबुतरं येऊ नयेत म्हणून. उन्हानं त्या पार कामातून गेल्या. कबुतरं येतातच.

मध्यंतरी डबा घरघरायला लागला, म्हणून एका दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, आतली डिस्क थकलीय. वर्षभर चालेल, नाहीतर उद्याच जाईल. लवकर लॅपटॉपवर घ्या." म्हणजे पुन्हा तेच, तासाला तास. पहिल्याच रविवारी पडद्यावरून एक गुलाबी ठिपका सरकत गेला.

"ही कोण?" मी आईला विचारलं.

"तुझी मोठी आत्या."

"तोंड तरी दिसतंय का तिचं?"

"तोंड कशाला हवं? पाटावर बसायच्या आधी पदर कशी झटकते बघ."

"आई, बाबांनी सगळं धुरकट करून ठेवलंय."

"मला तर स्वच्छ दिसतंय," मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षं टाळत बसलेली तुमची बायको म्हणाली. मी कपाळावर हात मारून घेतला. तुमची बाजू घेणारं माणूस या घरात अजून आहे.

पुढच्या एका रविवारी कुठल्याशा मुंजीत एक हिरवी साडी आतून बाहेर आली, घाईनं कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि लगेच आत गेली. आई हसायला लागली. "ही मी. शूटिंगवाल्याला ह्यांनी सांगितलं, हिला आधी घ्या, ही नंतर बाहेर यायची नाही. हाताला पीठ तसंच! इतकी चिडले होते मी ह्यांच्यावर."

"मग ते काय म्हणाले?"

"काय म्हणणार? म्हणाले, हात मागे घे."

मी ती जागा पुन्हा लावली. खरंच, हात मागे घेतलेले दिसतात. तुम्ही गेल्यापासून आमचं बोलणं गोळ्या घेतल्यास का, पाणी आलं का, सिलिंडर लावला का, एवढ्यावर येऊन ठेपलं होतं. घरात बोलायचं काम तुमचंच होतं ना. आता आई बोलत सुटते. कोण कोणावर रुसलं होतं, जिलबी कोणी लपवून नेली, सगळं. मी मध्येच तुमच्या नावानं ओरडते, ती मला गप्प करते, आणि चहा थंड होतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगून टाकते. शेवटचा कार्यक्रम लॅपटॉपवर मागेच उतरला, बाबा. तरी मी रविवारी जाते, वायरी जोडते आणि आईला सांगते, अजून बरंच राहिलंय.