एक्क्याऐंशी टक्के

रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. पार्सल बुधवारी पोचलं. मिठूचा स्वेटर बरोबर बसला, माझा जरा आखूड आहे, पण आत शर्ट असला की कळत नाही. तुझी लेक बरी आहे. उंची वाढली, त्यामुळे शाळेचे स्कर्ट पुन्हा खाली सोडावे लागले. खालच्या शिंपिणीने करून दिले. स्वयंपाकघरातला नळ अखेर दुरुस्त झाला. दाजींचा गुडघा कसा आहे ते कळव.

फोनवर तू दोनदा विचारलंस, "आवाज असा का?" मी सर्दी म्हणालो. सर्दी नव्हती. फोनवर बोलायला गेलो की माझं घोडं तिथेच अडतं, म्हणून लिहितोय. अक्षर नेहमीसारखंच येतंय.

शाळेचं सांगतो. गेल्या वर्षापासून निम्मे निबंध एआय लिहितं. फोनवर विषय सांगायचा, निबंध तयार. बावीस वर्षं मी ऱ्हस्वदीर्घावरून पोरांच्या मागे हात धुऊन लागलो, आणि आता वह्यांत एक चूक सापडत नाही. गणिताचे सर म्हणतात, "तुमची तर चैन आहे, लाल पेनाचा खर्च वाचला." मला त्या चुकांची आठवण यायला लागली होती, ताई. चूक बघून मला पोर ओळखू यायचं.

मग शाळेने एक तपासनीस मशीन घेतलं. निबंध त्यात घातला की एआयने किती टक्के लिहिलाय ते सांगतं. नियमही झाला : सत्तरच्या वर गेलं की शून्य, आणि शाळेच्या निबंधस्पर्धेतून बाद. नियम मीच लिहिला होता.

स्पर्धेचा विषय होता, "माझ्या घरातलं एक माणूस".

नववीत एक मुलगी आहे, शाळेच्या बसच्या ड्रायव्हरची. मागच्या बाकावर बसते, फार बोलत नाही. तिने आजोबांवर लिहिलं होतं. त्यांना ऐकू येत नाही. घरात सगळे भांडतात तेव्हा आजोबा एकेकाच्या ओठांकडे बघतात आणि सगळ्यात आधी कोण थकणार हे त्यांना बरोबर कळतं, असं काहीसं होतं त्यात. वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. मग मशीनमध्ये घातलं. एक्क्याऐंशी टक्के.

तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. सगळे डबा खात होते.

"हे तू लिहिलंस?"

"हो सर."

"कोणी मदत केली?"

"आजोबांनी."

दोघंतिघं हसली. ज्यांना ऐकू येत नाही ते मदत करणार कशी, म्हणून. मीही हसलो असेन, नीटसं आठवत नाही. मशीनचा आकडा तिला दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला.

"मग उरलेले एकोणीस कोणाचे, सर?"

मला ते उद्धटपणाचं वाटलं. शून्य दिलं आणि जायला सांगितलं.

त्यानंतर तिने निबंध लिहिला नाही. शाळेत रोज येते, बाकीचं सगळं सोडवते. निबंधाच्या प्रश्नाला समास आखते, प्रश्नाचा क्रमांक घालते आणि पान कोरं ठेवते. चाचणीत तसंच, सहामाहीत तसंच. मी त्यापुढे शून्य लिहीत गेलो.

तीन आठवड्यांपूर्वी तिचे वडील आले. युनिफॉर्मवरच होते, बस खाली उभी होती. हातात कापडी पिशवी. तिच्यातून अकरा वह्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या.

"तपासा, सर."

मी विचारलं, "कसल्या आहेत?"

"ती आणि आमचे वडील या वह्यांतून बोलतात. ती लिहिते, ते वाचतात, मग ते लिहितात. तिला लिहिता यायला लागलं तेव्हापासून चाललंय. आता तेही बंद केलंय तिने. ते वही पुढे करतात, ती मान हलवते." वह्या माझ्याकडे सरकवत म्हणाले, "मी भांडायला नाही आलो, सर. मला यातलं कळत नाही. तुम्हाला कळतं म्हणून आणल्या."

दोन दिवस वाचत होतो. तीच भाषा, ताई. ओठांचं वाक्य सातव्या वहीत आहे, तीन वर्षांपूर्वीच्या तारखेचं. त्याखाली आजोबांनी लिहिलंय, "हे छान. जपून ठेव."

वह्या मिटल्या, भांडी घासली, झोपलो. झोप लागली. त्याचंच मला नवल वाटतं.

आता तुझ्या-मिठूच्या गोष्टीकडे यायलाच हवं.

स्पर्धेत पहिलं बक्षीस मिठूच्या निबंधाला मिळालं, हे तुला ठाऊक आहे. तू तो लॅमिनेट करून कारखान्याच्या पॅकिंग हॉलमध्ये तुझ्या लॉकरवर लावलास, सुट्टीत बायकांना वाचून दाखवलास, हेही तू मला सांगितलंस. मशीनने त्याला बारा टक्के दिले होते.

तो मिठूने लिहिलेला नाही, एआयने लिहिलाय. आणि मला ते पहिल्या परिच्छेदातच कळलं होतं. त्यातली आई पहाटे उठते; तू दुसऱ्या पाळीला जातेस, नऊशिवाय उठत नाहीस. त्यातल्या आईच्या हातांना कष्टाचा सुगंध येतो. तुझ्या हातांना हातमोज्यांतल्या पावडरीचा वास असतो, अंघोळ केली तरी जात नाही, हे मिठूला माहीत आहे. तरी मी मूग गिळून बसलो आणि निबंध पुढे पाठवला. दर रविवारी तू विचारायचीस, "तिचं तिथे चांगलं चाललंय ना? की घेऊन जाऊ?" चार वर्षांपूर्वी मीच हट्टाने तिला ठेवून घेतलं होतं. तुला दाखवायला मला काहीतरी हवं होतं. आणि भाषेच्या सरांची भाची म्हटल्यावर... असो. एवढं कारण पुरे आहे.

मुख्याध्यापिकाबाईंना दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्या म्हणाल्या, "निकाल लागून गेला, आता कशाला उकरता?" मी लेखी दिलं. ते मशीन माझ्या वर्गापुरतं बंद केलं. आता पहिला मसुदा सगळे वर्गातच लिहितात, हाताने, वेडावाकडा चालतो. मग एकेकाने माझ्याशेजारी बसायचं आणि पाच मिनिटं त्यावर बोलायचं. हे वाक्य का घातलं, हा माणूस असा का वागला. ज्याने लिहिलंय तो बोलत सुटतो. ज्याने लिहिलेलं नाही तो माझ्या घड्याळाकडे बघतो. त्याला रागवत नाही, पुन्हा लिहायला सांगतो. हे आधीही जमलं असतं. बेचाळीस पोरांना पाच-पाच मिनिटं, एवढाच तर वेळ होता.

मिठूची पाळी गुरुवारी आली. तिचा तो जुना निबंधच समोर ठेवला.

"आई किती वाजता उठते?"

"नऊला."

"मग इथे पहाट का आहे?"

शाळेत ती मला सर म्हणते, अहो-जाहो करते, चार वर्षांत कधी चुकली नाही. त्या दिवशी म्हणाली, "मामा, तुला तेव्हाच कळलं होतं ना?"

"हो."

"मग तेव्हा का नाही विचारलंस?"

मी निबंध उलटा करून ठेवला. मग तीच बोलली. म्हणाली, लिहायला बसले होते खरं, पण आईबद्दल चारच ओळी सुचल्या. सुट्टीत जाते तेवढीच आई मला माहीत आहे. चार ओळींचा निबंध कसा देणार?

ताई, तुला सांगायचं होतं ते हे. बाकीचं सगळं यासाठी लिहिलं.

उद्या सकाळी सगळ्या शाळेसमोर मी त्या मुलीची माफी मागणार आहे. मिठूने बक्षीस स्वतःच मुख्याध्यापिकाबाईंकडे नेऊन दिलं, मी सोबत येतो म्हटलं तर नको म्हणाली. शुक्रवारी त्या मुलीने वर्गात पुन्हा समास आखला आणि पान कोरं ठेवलं. मी या वेळी शून्य लिहिलं नाही. वही तशीच परत दिली. तिने घेतली. ती पुन्हा लिहील की नाही, मला माहीत नाही.

मिठूचा दाखला काढायचा अर्ज मी आणून ठेवलाय. भरलेला नाही. ते तू आणि ती मिळून ठरवा, मी मध्ये बोलणार नाही. शनिवारच्या गाडीने ती येतेय. "आईला मी सांगते," म्हणत होती. पण यात माझा वाटा मोठा, म्हणून आधी मी सांगितलं. तिला रागव, पण आधी जेवू घाल. माझ्यावरचा राग वेगळा काढून ठेव. तू बोलावशील तेव्हा येऊन ऐकून घेईन, आणि बोलावलं नाहीस तरी समजेन.

तुझा,
धाकटा