कोपऱ्यावरची भिंत वगळून घराची व्यवस्था

पुत्तनकडवू, 27 मे

इच्चाया, मतमोजणीच्या दिवसापासून मी तुझ्याशी, माझ्या सख्ख्या थोरल्या भावाशी, एक शब्द बोललेले नाही. आपल्या दोन दारांमध्ये फक्त बसचा रस्ता आहे, तरीही. या अबोल्याबद्दल आधी माफी मागते. बाकी कशाबद्दल मागत नाही. वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्रात माफी लिहिली तरी कायद्यात तिला काही अर्थ नसतो. राहू दे.

मी, त्रेसिया वर्की, वय सेहेचाळीस, वनस्पतिशास्त्राची पदवीधर, अविवाहित, धंदा रोपवाटिका, हा कागद पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. घाबरण्यासारखे काही नाही, असे डॉक्टर म्हणाले. मात्र घरी कोण कोण असते हे त्यांनी दोनदा विचारले. घरी अम्मच्ची असते. आमची आई, वय सत्त्याऐंशी. एका डोळ्याने तिला दिसत नाही आणि दुसऱ्याने सगळे दिसते. मी परत आले नाही तर तिच्याजवळ कोण, या एका प्रश्नासाठी हा कागद आहे. घर, पैसे, हत्यारे त्याच्या मागून येतात.

कलम एक : अम्मच्ची.
तिची खोली बदलू नये. तिला नदीकडची खिडकी लागते. होडीतून कोण उतरले, कोणाची साडी चुरगळली, कोणाच्या हातात आज मासे नाहीत, यावर तिचा दिवस जातो. सहकारी बँकेतली माझी सगळी ठेव तिच्या सेवेला बाई ठेवण्यासाठी वापरावी. मोळिक्कुट्टीची, म्हणजे माझ्या भावजयीची, कंबर धरते. उचलण्याबसवण्याचे काम तिच्यावर टाकू नये.

अम्मच्चीला मी विचारले, "मी दवाखान्यात असताना पौलोसकडे राहशील?"

"तो न्यायला आला तर."

"आणि नाही आला तर?"

"मग मी काय तांदळाची पिशवी आहे, कोणीतरी नेऊन टाकायला?"

कलम दोन : घर.
घर आणि मागची जमीन माझा थोरला भाऊ पौलोस वर्की, म्हणजे आमचा इच्चायन, याला मिळावी. अट एकच. अम्मच्ची आहे तोवर त्याने रस्ता ओलांडून या घरात राहावे. ही अट लिहून मी तीन वेळा खोडली. भावाला आईजवळ आणण्यासाठी घर द्यावे लागते, हे लिहिताना लाज वाटते. पण तो पूर्वी दिवसातून चार वेळा यायचा आणि आता छत्री आमच्या बाजूला तिरकी धरून जातो, ऊन दुसरीकडून असले तरी. अशा माणसावर विसंबून शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपायला माझे मन धजत नाही.

कलम तीन : भिंत.
कोपऱ्यावरची, रस्त्याकडची चिऱ्यांची भिंत कलम दोनमध्ये धरलेली नाही. ती कोणालाच देत नाही. ती पाडावी.

याचे कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील भुलीच्या औषधाच्या भीतीने बाईचे डोके फिरले. आमची भिंत बसथांब्याच्या समोर येते. कोणतीही बस इथे दोन मिनिटे उभी राहते, आणि उतारूला दुसरे बघायला काही नसते. म्हणून विधानसभेच्या निवडणुकीला वर्ष असतानाच छत्रीवाले, म्हणजे छत्री चिन्हाच्या पक्षाची माणसे, येऊन तिला चुना फासतात, आणि कोपऱ्यात पक्षाचे नाव, साल आणि 'बुक्ड' असे लिहून जातात. एकदा ते लिहिले की दुसरा पक्ष त्या भिंतीला ब्रश लावत नाही. हा आमच्याकडचा सर्वात पाळला जाणारा कायदा आहे. अप्पच्चन, आमचे वडील, जिवंत असताना ते स्वतः चुन्याची बादली धरायचे. ते गेल्यावर इच्चायन धरू लागला, कारण छत्रीचा इथला कार्यकर्ता तोच. घर मात्र अप्पच्चननी माझ्या नावावर केले होते. "भिंत देतेस का?" असे मला कोणीच कधी विचारले नाही. एकाही निवडणुकीत नाही. एकदा नुसते विचारले असते तर मी हो म्हटले असते, आणि मतही दिले असते.

मागच्या वर्षी चुना फासायच्या आधी रोसाम्मा आली. ती नदीपलीकडची, निवृत्त परिचारिका. आमच्या नदीवर एक पूल आहे. तो बांधून पूर्ण झालेला आहे, पण त्याच्या दोन्ही टोकांना रस्ता नाही. दोन्ही टोके झाडांच्या उंचीवर संपतात. आज तीन निवडणुका प्रत्येक उमेदवार त्याच्याखाली उभा राहून वर बोट दाखवतो. पलीकडचा आजारी माणूस अजून होडीने येतो. रोसाम्माने या एका जोडरस्त्यासाठी अपक्ष उभे राहायचे ठरवले होते. ती माझ्या फाटकाबाहेर चपला काढून उभी राहिली.

"त्रेसिया, भिंत मोकळी आहे का गं? नसली तर नाही म्हण, मी रागावणार नाही."

मी हो म्हटले. तिचे शिलाई यंत्राचे चिन्ह आले तेव्हा ते मीच रंगवले; चाक जरा वाकडे झाले. मी पुलासाठी हो म्हटले, की कोणीतरी एकदाचे विचारले म्हणून? मी स्वतःला बरेचदा विचारले आहे. दोन्ही खरे असावे. त्यांचे प्रमाण मला सांगता येणार नाही.

चिन्ह रंगवले त्याच संध्याकाळी इच्चायन आला. मला तो लहानपणापासून मोळे, म्हणजे पोरी, म्हणायचा. "मोळे, हे काय?"

"शिलाई यंत्र."

"ते मलाही दिसतंय. शाखेत काय तोंड दाखवू मी? सख्ख्या बहिणीची भिंत नाही मिळाली?"

"मागितली होतीस का?"

"घरच्या भिंतीला अर्ज करायचा?"

मी ब्रश धुवायला गेले.

तरीही प्रचारभर आम्ही बोलत होतो, हे नोंदवते. अम्मच्चीचे मत घ्यायला कर्मचारी घरी आले, पुठ्ठ्याचा आडोसा घेऊन. इच्चायनला त्यांनी अंगणात उभे केले. तो तिथूनच ओरडला, "अम्मच्ची, छत्री लक्षात आहे ना?"

"छत्री लक्षात आहे. मला पावसात कोण सोडून जातं तेही लक्षात आहे."

मत कोणाला दिले, हे आम्ही दोघांनी वेगवेगळे आणि मग एकत्र विचारले. ती म्हणाली, "आज मला आंघोळ कोणी घातली? त्रेसियाने. काल मासे कोणी आणले? पौलोसने. आता दोघंही गप्प बसा." अजून सांगितलेले नाही.

निकालाच्या दिवशी सगळे माझ्याच घरी, कारण टीव्ही माझ्याकडे. इच्चायनने फटाक्यांची माळ आणि लाडूंचे खोके आधीच आणले होते. चहावाल्या कुट्टप्पनशी त्याने पैजही लावली होती: ज्याचा उमेदवार पडेल त्याची अर्धी मिशी जाईल. कुट्टप्पन घंटावाला, म्हणजे समोरच्या घंटा चिन्हाच्या पक्षाचा.

"पौलोसच्चाया, वस्तरा आणू का, की बारा वाजेपर्यंत थांबू?"

"तुझ्या मिशीत आहेच काय कापण्यासारखं? झुरळाच्या मिश्या बऱ्या."

प्रत्येक फेरीला छत्रीचे कोरुळा सर पुढे होते. शेवटची फेरी नदीपलीकडच्या पंचायतीची होती. तिथे शिलाई यंत्राला एक हजार नऊशे मते पडली. एवढी मते तिथे कधी कोणालाच पडली नव्हती, कारण तिथली निम्मी माणसे होडी चुकते म्हणून मतदानाला येतच नसत. घंटेचे विक्रमन एकशे अकरा मतांनी निवडून आले. रोसाम्माचे डिपॉझिट गेले.

इच्चायन उठला. टीव्हीकडे नव्हे, माझ्याकडे बघत म्हणाला, "भिंत."

"काय भिंत?"

"तुझ्या भिंतीने पाडलं आम्हाला."

आणि लाडूंचे खोके उचलून गेला. फटाके विसरला.

इच्चाया, तू थांबला असतास तर एवढेच सांगायचे होते: पलीकडच्या काठावरून माझी भिंत दिसत नाही. त्या लोकांनी ती वाचलेली नाही. त्यांना रोज तो पूल दिसतो, वाचायला तेवढा पुरे. त्यातली किती मते एरवी छत्रीला पडली असती, हे मला माहीत नाही आणि तुलाही नाही. थोडीतरी पडली असती, हे मी नाकारत नाही. एकशे अकरा काही फार नाहीत. पण त्या मतांवर तुमचे नाव आधीच 'बुक्ड' लिहिलेले होते, अशा ज्या चेहऱ्याने तू 'भिंत' म्हणालास, तो चेहरा मला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त छळतो आहे.

विक्रमन आभार मानायला उघड्या जीपमधून आले. पुलाखाली थांबले. वर बोट दाखवले. फाईल खात्याकडे आहे, म्हणाले.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. मी मागे जायफळाची कलमे बांधत होते. पुढे आले तर घंटेची दोन पोरे माझ्या भिंतीला चुना फासत होती. शिलाई यंत्राचे चाक गेले होते, नुसती सुई उरली होती.

"कोणाला विचारून?"

"चेच्ची, पुढच्या निवडणुकीचं आत्ताच बुक करून ठेवतोय. तुम्ही आता आमच्याच की."

"हे कोणी सांगितलं?"

"भावाशी बोलत नाही ना तुम्ही!"

मी बादली लाथाडली. मला धाप लागली आणि मी तिथेच बसले. झडपेचे निदान झाले ते त्या धापेमुळे. त्याबद्दल त्या पोरांचे आभार मानावेत की काय, कळत नाही.

म्हणून भिंत पाडावी. चिरे रोसाम्माच्या होडीच्या धक्क्याला पायऱ्या करायला द्यावेत. रस्ता होईल तेव्हा होईल. भिंतीच्या जागी जास्वंदीचे कुंपण लावावे. रोपे तयार आहेत, मागच्या दुसऱ्या वाफ्यात, लाल. जास्वंदीला चुना लागत नाही.

कलम चार : हत्यारे.
कलमांचे दोन्ही चाकू, फवारा आणि जाळीचे छप्पर ओमनाला. ती माझ्याबरोबर बारा वर्षे आहे आणि तिची कलमे माझ्यापेक्षा जास्त जगतात. मिरीची रोपे तिने उधार विकू नयेत, विशेषतः चर्चच्या समितीला.

कलम पाच : किरकोळ.
फटाक्यांची माळ अजून माझ्या कपाटावर आहे. ती कुट्टप्पनला देऊ नये. माझ्या दफनाला कोणत्याही पक्षाचे पुष्पचक्र घेऊ नये. आणलेच तर दोघांचेही घ्यावे, शेजारी शेजारी ठेवावे, आणि कोणाचे मोठे ते मोजू नये.

साक्षीदार.
वरील सर्व लिहिणारी मी, त्रेसिया वर्की, हिने आमच्यासमोर सही केली, म्हणून आम्ही सह्या करत आहोत.

1. कुट्टप्पन, चहाचे दुकान, बसथांबा. (सही)

2.

दुसरी सही रोसाम्माची व्हायची होती. ती होडीसाठी पलीकडे अडकली. कुट्टप्पनला दुकानात जायची घाई, म्हणून माझे न ऐकता त्याने व्हरांड्यातून रस्त्यापलीकडे हाक मारली, "पौलोसच्चाया! अर्ध्या मिशीची सही चालते, या!"

तो आला. पायरीवर उभा राहिला, आत नाही. कागद मागितला आणि उभ्या उभ्या सगळा वाचला. भिंतीचे कलम त्याने दोनदा वाचले.

"तू नको सही करू," मी म्हटले. "तुला घर लिहिलंय. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, जे दिलं असेल ते रद्द होतं. वकीलबाईंनी बजावलंय."

"पेन दे."

"इच्चाया, ऐकलंस का मी काय म्हटलं?"

"ऐकलं म्हणूनच मागतोय. स्वतःच्या आईजवळ झोपायचं भाडं घेऊ मी? पेन दे."

मी दिले नाही. त्याने कुट्टप्पनच्या खिशातले काढले.

2. पौलोस वर्की, समोरचे घर. (सही)

"मंगळवारी गाडी मी आणतो, पहाटे तयार राहा," तो म्हणाला. "आणि डोक्यात ठेव, हरलो ते तुझ्या भिंतीमुळेच. परत आलीस की बोलू."

मग चपला काढून आत गेला. अम्मच्चीचा आवाज आला, "मासे आणलेस का?"

"नाही."

"मग काय नुसता चेहरा दाखवायला आलास? बस इथे."

हे लिहीत असताना तो तिच्या खिडकीशी बसला आहे. अर्धा तास झाला, दोघे मिळून होडीतल्या लोकांना नावे ठेवत आहेत. भिंतीबद्दल तो चूक आहे हे मी त्याला आजही सांगू शकले नाही. आणि कलम दोन रद्द झाले. घर त्यालाच द्यायचे आहे, पण आता अट न घालता.

(सही) त्रेसिया वर्की
पुत्तनकडवू, 27 मे

उद्याचे काम : हा कागद नव्याने लिहिणे आणि दुसरा साक्षीदार शोधणे. नात्यातला नको.