दादाच्या नावाची व्यायामशाळा

छावणी, २ मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

आमंत्रण पोचले असेलच. दादा लढाईत कामी आल्यावर त्याचे नाव दिलेली इथली व्यायामशाळा नव्याने सजून येत्या रविवारी उघडते आहे आणि फीत तुम्हीच कापायची आहे. देखरेख माझ्याकडे, तेव्हा कौतुकही माझ्याच तोंडून ऐका. लाकडी जमीन इतकी चकाचक झाली आहे की जवानांना आत पाऊल टाकायची बंदी आहे. ते बाहेर चिखलात जोर मारतात आणि मी पुसलेलेच पुन्हा पुसतो. समारंभानंतरही कुलूपच राहणार, पाहुणे आले की तेवढे उघडायचे, असे साहेबांनी ठरवले आहे.

काल रंगीत तालीम झाली. तुमच्या जागी भटारखान्यातला मिशाळ आचारी उभा केला होता. दादाच्या फोटोसमोर तो असे हुंदके देऊन रडला की साहेबांनाच त्याला आवरावे लागले. तुम्ही नुसते डोळे टिपलेत तरी भागेल, असा त्यांचा निरोप आहे.

लोभ आहेच, तो माझ्या नोकरीसकट सांभाळावा.
आपला धाकटा दीर

५ मार्च

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

आचाऱ्याला सांगा, माझ्या वाटचे रडून झाले आहे, त्याने आता कांदे चिरताना रडावे. कुलपाचे वाचून मात्र अंगाचा तिळपापड झाला. ह्यांनी पोरांना घाम गाळायला लावण्यात जन्म घालवला. रजेवर आले तरी गल्लीतली पोरे अंगणात बैठका काढत आणि मी सगळ्यांना चहा करत बसे. ह्यांच्या नावाचे रिकामे खोके मला नको.

मी येणार. तुम्ही मध्ये पडू नका, आणि जेवण वेळेवर करत जा.

रागावले तरी माया तीच, हे ध्यानात असावे.
तुमची वहिनी

२० मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तालमीत आचारी हात जोडून खाली बसला होता, त्यामुळे तुम्ही माइक हातात घ्याल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. पोरे रोज सकाळी किती वाजता येणार, असे तुम्ही साहेबांना इतक्या गोडीने विचारलेत, आणि सगळी छावणी ऐकत होती. साहेब पाच म्हणून बसले. त्यांच्या तोंडून निघाले म्हणजे हुकूमच.

आता रोज पाचाला कुलूप काढतो. जमिनीवर बुटांचे ओरखडे उठले आहेत आणि साहेबांनी त्याचे खापर माझ्या डोक्यावर फोडले आहे.

पण वहिनी, काल पोरांच्या मागोमाग आत गेलो तर घामाचा तोच वास, दादाच्या सदऱ्याला यायचा तो. मी तिथेच खाली बसलो आणि ढसाढसा रडलो. तुम्ही पुन्हा या. फीत नाही, फोटोवाले नाहीत. पहाटे नुसत्या दाराशी उभ्या राहा.

तुमचा धाक आणि लोभ दोन्ही असू द्यावेत.
आपला धाकटा दीर