क्रमांक सातची शिवण

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, तंबूच्या कारखान्यात एकतीस वर्षे शिवणकाम केलेली, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. उद्या शुक्रवारी माझे ऑपरेशन आहे. आईचे डोके ठिकाणावर नव्हते असे थोरला पुढे म्हणेल, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. या दोन खोल्या माझ्या नावावर आहेत. त्या मी मधलीला, म्हणजे माझ्या मुलीला देते. माझ्या दुखण्यात सगळी उठबस तिने केली. भावांनी फोनवर चौकशी केली.

२. शिलाई मशीन आणि मोठी कात्रीही तिलाच. त्या कात्रीने कागद कापू नये. थोरल्याने लहानपणी वहीचा पुठ्ठा कापला होता, तेव्हा गेलेली धार परत आली नाही.

३. बाहेरच्या खोलीतले मोठे चित्र माझ्या यजमानांनी १९५६ साली काढले. ते त्याला ‘क्रमांक सात’ म्हणत. लोक निसर्गचित्र म्हणतात, पण त्यात झाड नाही की डोंगर नाही. खाली करपलेला तपकिरी, वर मळकट पिवळा आणि मधून आडवी गेलेली एक ताठ रेघ. ही रेघ म्हणजे क्षितिज, आणि चित्रकाराने ती एका दमात ओढली, असे पुस्तकांत छापून आले. ह्यांनी ते कधी खोडून काढले नाही.

ती रेघ माझी शिवण आहे. एवढ्या रुंदीचे कापड मिळेना, म्हणून मी कारखान्यातले दोन पट्टे जोडले. हे मागे उभे. “अगं, आटप लवकर, रंग वाळतोय!” त्या घाईत मी साखळी टाका घातला. त्याचे टोक सापडले की एका ओढीत सगळी शिवण उसवते. हे मी त्यांना सांगितले नाही आणि त्यांनी विचारलेही नाही. मग कापड जमिनीवर पसरून, लादी पुसायच्या रबराने त्यांनी रंग ओढला. तो शिवणीपाशी अडला आणि तिथेच साचला. ते बघून ते रडले. मलाही भरून आले होते, हे लपवत नाही. पण शेवटपर्यंत त्यांनी माझे नाव काढले नाही, आणि तो राग अजून माझ्या मनात आहे.

४. गेल्या रविवारी दोन्ही मुलगे मापाची टेप घेऊन आले.

“वरचा भाग दादाला, खालचा मला,” धाकटा म्हणाला. “शिवण आहेच ना, आई. सरळ कापलं जाईल.”

“अरे, बापाचं चित्र आहे ते!”

“उगाच नाटक नको,” थोरला म्हणाला. “तू बरी होऊन ये. येत्या रविवारी फ्रेमवाल्याला आणून आम्ही उरकून टाकतो.”

म्हणजे मी दवाखान्यात असताना.

५. चित्र मी अखंड मधलीला देते. सोमवारी मीच फ्रेमवाल्याला बोलावले. त्याने चित्र टांगल्या जागीच भिंतीपासून वीतभर पुढे धरले. मी मागून एका कडेपासून चार बोटे सोडून टाका कापला, टोक मोकळे केले आणि दुसऱ्या कडेच्या अलीकडेपर्यंत दोरा ओढला. दोन्ही कडांना चार-चार बोटे टाके ठेवले आहेत, मधे एकही नाही. आता माती आणि आभाळ फक्त ह्यांच्या रंगाने धरले आहे. चित्र हलवले तर तो साचलेला रंग तडकून गळेल, आणि मग अर्ध्या-अर्ध्या तुकड्यांनाही किंमत राहणार नाही.

दोरा मशीनच्या खणात आहे. त्याच भोकांतून पुन्हा कसे शिवायचे ते मधलीला शिकवले आहे. भावांनी हक्क सोडल्याचे लिहून दिल्याशिवाय तिने सुई उचलू नये. मी परत आले, तर मीच शिवीन, आणि मग दोघांशी बोलेन.

याची प्रत आजच दोघांना पोचती केली आहे. ज्याला बापाच्या रंगावर एवढा भरवसा असेल, त्याने चित्र खुशाल भिंतीवरून उतरवावे.

स्थळ: बाहेरची खोली, चित्रासमोर
दिनांक: १२ नोव्हेंबर १९९८, गुरुवार
सही: (तंबूवाल्या बाई)

साक्षीदार १: तळमजल्यावरचे डॉक्टर. बाई रागावलेल्या आहेत, पण पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार २: फ्रेमवाला. मागची बाजू मी डोळ्यांनी पाहिली आहे. रविवारी मला बोलावू नये.